अंगणातील बहावा आणि हरित भारताची मोजदाद

केरळच्या वायनाड जिल्ह्यात पिवळ्या फुलांची दोन झाडे आढळतात आणि दोघांच्या वाट्याला आलेले प्राक्तन अगदी भिन्न आहे. पहिले झाड कणिकोन्नाचे. मराठीत तो बहावा, हिंदीत अमलतास, गुजरातीत गरमाळो, बंगालीत सोनाली. एप्रिलच्या मध्यावर विषूचा सण येतो, तेव्हा पहाटे डोळे उघडताच जी मंगल आरास पाहायची, तिच्यात या फुलांचा घोस नसेल तर मल्याळी घराला सण अपुरा वाटतो. ते केरळचे राज्यपुष्पही आहे. दुसरे झाड सेन्ना स्पेक्टॅबिलिस. स्थानिक लोक त्याला मंजकोन्ना, म्हणजे पिवळा कोन्ना, किंवा राक्षसकोन्ना म्हणतात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले हे झाड १९८०च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या भरात सावलीसाठी व शोभेसाठी येथे लावले गेले. आज सुमारे ३४४ चौरस किलोमीटरच्या वायनाड अभयारण्यातून ते उपटून काढण्यासाठी वनखाते झगडत आहे.

मंजकोन्ना लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. झाड झपाट्याने वाढते, भरभरून फुलते, फारशी निगा मागत नाही. वनीकरणाच्या अहवालात शोभून दिसतील असेच हे सगळे गुण आहेत. परंतु याच गुणांमुळे ते जंगलात शिरले. त्याच्या दाट छायेखाली गवत आणि देशी रोपे तग धरत नाहीत. हरणे, गवे, हत्ती यांचा चारा आटतो. बुंध्यापासून तोडले तर खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात, आणि जमिनीत पडलेल्या असंख्य बिया पुढच्या पावसाची वाट पाहत राहतात. बंदीपूर, मुदुमलाई या शेजारच्या अरण्यांतही त्याने पाय रोवले आहेत. तामिळनाडूने मुदुमलाईतील ही झाडे तोडून त्यांचे लाकूड कागदाच्या लगद्यासाठी देण्याचा मार्ग पत्करला. लावताना काही रुपयांचे असलेले रोप काढताना किती महाग पडते, याचा हा धडा आहे.

या दोन झाडांतील फरक आपल्या हरित धोरणाला दिसतो का, हा खरा प्रश्न आहे. देशात वृक्षलागवडीच्या मोहिमा पूर्वीही होत्या, आता त्यांचा आवाका प्रचंड झाला आहे. ५ जून २०२४ रोजी पंतप्रधानांनी ‘एक पेड माँ के नाम’ या मोहिमेचा आरंभ केला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत ८० कोटी आणि मार्च २०२५ पर्यंत १४० कोटी रोपे लावण्याचे लक्ष्य तिच्यापुढे ठेवण्यात आले. आईच्या नावाने एक झाड लावावे, ही कल्पना भारतीय मनाला भिडणारी आहे. परंतु ते झाड कोणते, कोणाच्या जमिनीत आणि पाच वर्षांनी त्याला पाणी कोण घालणार, हे तीन प्रश्न आकड्यांच्या ओघात मागे पडतात. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर बव्हंशी एकाच ठिकाणी सापडते. ते ठिकाण म्हणजे घराचे अंगण.

मोजपट्टीला न दिसणारे

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२३च्या अहवालानुसार देशाच्या २५.१७ टक्के भूभागावर वनाच्छादन आणि वृक्षाच्छादन आहे. त्यापैकी वनाच्छादन २१.७६ टक्के, तर वृक्षाच्छादन, म्हणजे एक हेक्टरपेक्षा लहान तुकड्यांत विखुरलेली झाडे, ३.४१ टक्के. हे दुसरे क्षेत्र १ लाख १२ हजार चौरस किलोमीटर भरते. बांधावरची, रस्त्याकडेची आणि घरापुढची झाडे याच हिशेबात येतात. वनाच्छादनाच्या व्याख्येत किमान एक हेक्टर क्षेत्र आणि दहा टक्क्यांहून अधिक छत्र एवढेच पाहिले जाते. जमीन कोणाची आणि झाड कोणत्या जातीचे, याला त्या व्याख्येत स्थान नाही. फळबाग, बांबूचे बन, निलगिरीची लागवड आणि सह्याद्रीतले सदाहरित अरण्य ही सारी तेथे एका पंक्तीत बसतात.

उपग्रहाच्या नजरेची ही मर्यादा समजण्यासारखी आहे. वन सर्वेक्षण संस्थेच्या नमुना पाहण्यांत जंगलाबाहेरील वृक्षांच्या प्रजातींची नोंद होते, हेही मान्य करायला हवे. अडचण अशी की शहरांचा हिरवेपणा मोजताना हा तपशील गळून पडतो. २०२१च्या अहवालात सात महानगरांचे वनाच्छादन प्रथमच तपशिलाने दिले गेले. ते त्यांच्या एकूण क्षेत्राच्या १०.२१ टक्के भरले. दहा वर्षांत हैदराबादने सुमारे ४९ चौरस किलोमीटरची भर घातली, तर अहमदाबादने साडेआठ चौरस किलोमीटर गमावले. हैदराबादचे कौतुक झाले आणि ते योग्यही होते. परंतु याच काळात तेलंगणच्या हरितहारम् मोहिमेत रस्त्यांच्या दुभाजकांवर कोनोकार्पस हे परदेशी झाड मोठ्या प्रमाणात लावले गेले आणि पुढे सरकारलाच त्याची लागवड थांबवण्यास सांगावे लागले. गुजरातने २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. त्याचे परागकण श्वसनाच्या तक्रारींना निमित्त ठरतात आणि मुळे भूमिगत वाहिन्यांना इजा करतात, अशी कारणे दिली गेली. लावताना पाठ थोपटणारे शासन आणि बंदी घालणारे शासन यांच्यात जेमतेम दशकाचे अंतर आहे.

महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. वनीकरणाच्या नावाखाली टेकड्यांवर ग्लिरिसिडिया, म्हणजे आपल्याकडची उंदीरमारी, लावून झाली. टेकड्या हिरव्या दिसू लागल्या, परंतु तो हिरवेपणा पक्ष्यांच्या आणि कीटकांच्या कामाचा किती, याची चौकशी फार उशिरा सुरू झाली.

झाडाची योग्यता

बहावा या पार्श्वभूमीवर तपासून पाहावा. भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया हे त्याचे मूळ घर. हिमालयाच्या पायथ्यापासून केरळपर्यंतच्या पानझडी जंगलांत तो आपणहून वाढतो. उंची सहसा दहा ते पंधरा मीटर, बुंधा माफक, फांद्यांचा पसारा आवरशीर. वड-पिंपळ लहान अंगणात लावणे भिंतींना धोक्याचे असते. बहाव्याच्या मुळांचा स्वभाव तितका आक्रमक नाही. उन्हाळा वाढू लागला की पाने गळतात आणि एप्रिल ते जून या काळात, दिल्लीसारख्या ठिकाणी ऐन मे-जूनच्या तलखीत, हातभर लांबीचे पिवळे घोस लोंबू लागतात. राजधानीतील अमृता शेरगिल मार्ग या दिवसांत पाहण्यासारखा असतो. पारा ४५ अंशांकडे झुकत असताना झाडाने एवढे वैभव उधळावे, हा त्याच्या काटकपणाचा पुरेसा पुरावा आहे.

काटकपणाबरोबर त्याची उपयुक्तताही लक्षात घेतली पाहिजे. बहाव्याच्या फुलात दहा पुंकेसर असतात आणि ते तीन वेगवेगळ्या मापांचे असतात. त्यांतील पराग सहजासहजी सांडत नाही. सुतारी भुंगा फुलाला बिलगून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हा त्या कंपनाने परागकोशांतून पराग बाहेर पडतो. ‘कॉमन इमिग्रंट’ या पिवळसर फुलपाखराच्या अळ्या बहाव्याच्या कोवळ्या पानांवर वाढतात. एखाद्या पावसाळ्यात त्या झाडाची बरीच पाने फस्त करतात, तेव्हा घरमालक घाबरून फवारणीचा पंप शोधू लागतो. वस्तुतः काहीच करण्याची गरज नसते. झाड पुन्हा पालवते आणि दोन आठवड्यांनी अंगणात फुलपाखरे दिसतात. अन्नसाखळीतली ही देवघेव सहस्रावधी वर्षांच्या सहवासातून घडलेली असते. परदेशातून आलेल्या झाडाशी असे नाते जुळायला दीर्घ काळ जावा लागतो.

आपल्या संस्कृतीने या झाडाला फार पूर्वी ओळखले होते. संस्कृतात ते आरग्वध, कृतमाल आणि राजवृक्ष. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिसरा अध्याय ‘आरग्वधीय’ या नावाने ओळखला जातो. सुश्रुताने औषधींच्या एका गणाला याच झाडाचे नाव दिले. शेंगेतील चिकट गर सारक म्हणून प्रसिद्ध आहे, मात्र तो वैद्याच्या सल्ल्याविना घेण्याची वस्तू नव्हे. तमिळ परंपरेत कोन्रै हे शिवाचे फूल आहे. थायलंडने त्याला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला असून तेथील ‘रात्चफ्रुएक’ हे नाव आपल्या ‘राजवृक्ष’ या शब्दाचेच रूप आहे. बहावा फुलला की दीड महिन्याने पाऊस येतो, असा लोकसमज अनेक प्रांतांत आहे. हवामानशास्त्राने त्यावर विसंबावे असे कोणी म्हणणार नाही. तथापि अलीकडे केरळात कोन्ना विषूच्या बराच आधी फुलून झडत असल्याच्या वार्ता येतात, तेव्हा त्या समजामागे ऋतुमानाचे किती बारीक निरीक्षण होते ते उमगते.

लावावा कसा

बहावा लावणे अवघड नाही. धीर मात्र लागतो. शेंगा उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकून काळपट होतात. एकेक शेंग हातभर किंवा त्याहून लांब असते आणि आतल्या पडद्यांच्या कप्प्यांत चपट्या, तकतकीत बिया असतात. बीचे कवच अतिशय टणक असते. रानात शेंगेतला गोड गर खाणारी अस्वले, कोल्हे आणि माकडे बियांचा प्रसार करतात. घरी तेच काम कानशीने किंवा नेलकटरने कवचाला लहानशी खाच पाडून करता येते. दुसरा मार्ग म्हणजे उकळते पाणी ओतून बिया रात्रभर तशाच भिजू द्याव्यात. फुगलेल्या बिया मातीत टाकल्या की त्या रुजतात. न फुगलेल्यांना पुन्हा हाच उपचार करावा. पिशवीत रोप फार दिवस ठेवले तर मुळे तळाशी वेटोळी होतात आणि पुढे झाड वाऱ्यात उन्मळते. म्हणून वर्षभराचे, लहान परंतु सरळ मुळांचे रोप उंच व जुन्या रोपापेक्षा अधिक भरवशाचे.

जागा निवडताना पूर्ण ऊन आणि पाण्याचा निचरा या दोन गोष्टी पाहाव्यात. साचलेले पाणी बहाव्याला मानवत नाही. घराच्या भिंतीपासून चार-पाच मीटर अंतर असावे. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा आणि पहिल्या दमदार पावसानंतर रोप लावावे. उत्तर भारतात कोवळ्या रोपाला पहिल्या हिवाळ्यांत कडाक्याच्या थंडीपासून आडोसा द्यावा लागतो. पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी दिले की पुढे झाड स्वतःचे पाहून घेते. गुरे-शेळ्या त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, ही आणखी एक सोय. बीपासून वाढवलेल्या झाडाला पहिला बहर यायला सहसा सहा ते दहा वर्षे लागतात. ज्या समाजात घर दर सहा-सात वर्षांनी बदलले जाते आणि ज्या शासनात योजना पाच वर्षांनी, तेथे हा कालावधी मोठा वाटतो. परंतु झाडाचे वेळापत्रक आपल्याकडे बदलण्याचा अधिकार नाही.

त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ऐन उन्हाळ्यात काही आठवडे बहावा जवळजवळ निष्पर्ण असतो. सावली हाच एकमेव हेतू असेल तर कडुनिंब किंवा करंज अधिक उपयोगी. पाकळ्यांचा सडा आणि नंतर पडणाऱ्या वजनदार शेंगा गाडी उभी करण्याच्या जागी त्रासदायक होतात. शिवाय ‘देशी’ हा शब्द राज्याच्या सीमेने ठरत नाही, अधिवासाने ठरतो. जोधपूरच्या वाळूत रोहिडा लावावा. तो राजस्थानचे राज्यपुष्प आहे आणि तेथील दुष्काळाला सरावलेला आहे. झारखंडच्या माळावर पळस, कोकणपट्टीच्या खाऱ्या वाऱ्यात भेंड किंवा उंडी, पाणथळ जागी तामण. जोधपूरच्याच राव जोधा वाळवंटी उद्यानात वेड्या बाभळीने व्यापलेली खडकाळ जमीन मोकळी करून तेथे त्या भूमीच्या वनस्पती पुन्हा रुजवण्यात आल्या. ते काम हाती घेणारे प्रदीप कृष्ण यांनी २००६ मध्ये दिल्लीच्या वृक्षांवरील पुस्तकातून राजधानीतील नागरिकांना आपली झाडे ओळखायला शिकवले होते. ओळख आधी आणि लागवड नंतर, असाच तो क्रम होता.

रोप, माती आणि परवाना

एखाद्या नागरिकाने अंगणात बहावा लावायचे ठरवले तर त्याच्या वाटेत तीन अडथळे येतात आणि तिन्ही धोरणाने निर्माण केलेले आहेत.

पहिला अडथळा रोपवाटिकेचा. बाजारातल्या रोपवाटिका जे लवकर वाढते आणि लवकर विकले जाते तेच ठेवतात. सरकारी व पालिकेच्या रोपवाटिका मोहिमेच्या मागणीनुसार चालतात आणि मोहिमेला लाखांच्या संख्येने, ठरल्या तारखेला, ठरल्या उंचीची रोपे हवी असतात. सावकाश वाढणाऱ्या देशी झाडाची त्या शर्यतीत पीछेहाट होते. शिवाय नावांचा घोळ आहे. लिनियसने १७५३ मध्ये ‘कॅसिया’ या प्रजातीत जी अनेक झाडे घातली, त्यांतील बरीचशी वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात ‘सेन्ना’ या वेगळ्या प्रजातीत हलवली. रोपवाटिकांच्या पाट्यांवर मात्र अजूनही सारे काही ‘कॅसिया’च असते. ‘पिवळा कॅसिया’ मागणाऱ्याला बहावा मिळेल की वायनाडमध्ये उच्छाद मांडणारा मंजकोन्ना, हे विक्रेत्याच्या ज्ञानावर अवलंबून राहते. फुले येण्याआधी ओळखायचे तर पान पाहावे. बहाव्याच्या संयुक्त पानात मोठ्या, रुंद पर्णिकांच्या मोजक्या जोड्या असतात. मंजकोन्नाच्या पर्णिका लहान आणि संख्येने बऱ्याच अधिक.

दुसरा अडथळा मातीचा. शहरांतील भूखंडावर घराभोवती सोडलेली मोकळी जागा कागदावर मोकळी असते, प्रत्यक्षात ती वाहनतळ आणि पेव्हर ब्लॉकखाली जाते. रस्त्यावरच्या झाडांचीही हीच गत होती. म्हणून राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश द्यावा लागला. केंद्र सरकारच्या २०१६च्या आदर्श इमारत उपविधींत पर्यावरणविषयक अटी आहेत. प्रत्येक ८० चौरस मीटर जमिनीमागे किमान एक झाड लावून जगवावे आणि देशी प्रजातींना प्राधान्य द्यावे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. परंतु या अटी मोठ्या बांधकाम प्रकल्पांसाठी आहेत. दोनशे-तीनशे चौरस मीटरच्या भूखंडावर घर बांधणारा सामान्य मालक त्यांच्या कक्षेबाहेर राहतो आणि आपल्या शहरांचा फार मोठा भाग अशाच भूखंडांनी बनलेला आहे.

तिसरा अडथळा सर्वांत नाजूक आहे, कारण तो झाडांच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यातून उद्भवतो. महाराष्ट्राने १९७५ मध्ये, कर्नाटकाने १९७६ मध्ये आणि दिल्लीने १९९४ मध्ये वृक्षसंरक्षण कायदे केले. दिल्लीच्या कायद्यानुसार जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर पाच सेंटिमीटर व्यासाचे खोड आणि किमान एक मीटर उंची असलेली कोणतीही काष्ठमय वनस्पती ‘वृक्ष’ ठरते. अंगणात लावलेला बहावा काही वर्षांतच त्या व्याख्येत जातो. त्यानंतर तो स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या हाताने लावलेला असला तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीविना तोडता येत नाही. पूर्वी १५.७ सेंटिमीटर घेरापर्यंतच्या फांद्या विशिष्ट परवानगीशिवाय छाटण्याची मुभा मार्गदर्शक तत्त्वांत होती. तिच्या आडून सर्रास होणारी छाटणी पाहून दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती तत्त्वे रद्द ठरवली.

न्यायालयांची ही कठोरता अनाठायी नाही. मथुरा-वृंदावन परिसरात एका खासगी जागेवरील ४५४ झाडे विनापरवाना तोडल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये प्रत्येक झाडामागे एक लाख रुपये दंड कायम केला. दिल्लीत ५० किंवा अधिक झाडे तोडण्याच्या प्रत्येक परवानगीची केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने छाननी करावी, असा आदेश त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये दिला गेला. शेकडो झाडे एका रात्रीत आडवी करणाऱ्यांना जरब बसलीच पाहिजे. परंतु त्याच कायद्याची सावली अंगणात एकच झाड लावणाऱ्यावरही पडते. पुढे घर वाढवायचे झाले, फांदी छतावर आली, झाड कलले, तर काय काय सोसावे लागेल याचा विचार करून सावध माणूस कुंड्यांत पामची रोपे ठेवतो आणि प्रश्न मिटवतो. न लावलेल्या झाडाची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही. त्यामुळे कायद्याने वाचवलेली झाडे मोजता येतात, कायद्याच्या धास्तीने न लावली गेलेली मोजता येत नाहीत.

याबाबतीत केरळने वेगळी वाट चोखाळली. वनेतर क्षेत्रातील वृक्षवाढीला उत्तेजन देणारा कायदा त्या राज्याने २००५ मध्ये केला. चंदन, साग, शिसव अशा नमूद केलेल्या मोजक्या प्रजाती वगळता आपल्या जमिनीवरचे झाड तोडण्याचा व नेण्याचा हक्क त्याने मालकाला दिला. तोडण्याचा हक्क मिळाला म्हणून केरळच्या परसबागा उजाड झाल्या नाहीत. नारळ, फणस, आंबा यांनी त्या आजही दाट आहेत. दुसऱ्या बाजूने, सवलतीचा गैरवापर कसा होतो हेही केरळनेच दाखवले. २०२०च्या एका शासन आदेशाचा आधार घेऊन वायनाडमधील मुट्टिल येथे मौल्यवान शिसवाची झाडे तोडली गेली आणि सरकारला त्याची मोठी नाचक्की सोसावी लागली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०२५ मध्ये शेतजमिनीवरील वृक्षतोडीसाठी आदर्श नियमावली प्रसृत केली, तिच्यामागेही शेतकऱ्याने निर्धास्तपणे झाड लावावे हाच विचार आहे. शहरी घरमालकासाठी मात्र असा विचार अद्याप झालेला नाही.

काय करता येईल

मार्ग मधला आहे आणि तो फार खर्चाचाही नाही. घरमालकाने स्वतः लावलेल्या देशी झाडाची नोंद पालिकेकडे करावी. लावल्याची तारीख, प्रजाती आणि छायाचित्र एवढे पुरे. अशा नोंदलेल्या झाडाची मर्यादित, शास्त्रीय छाटणी करण्याचा अधिकार त्याला असावा आणि झाड धोकादायक झाल्यास ठरावीक दिवसांत निर्णय देण्याचे बंधन वृक्ष अधिकाऱ्यावर असावे. ही सवलत राहत्या मालकापुरती असावी. भूखंड पुनर्विकासाला गेला किंवा विकासकाच्या हाती पडला की ती आपोआप संपावी. जुन्या झाडांचे संरक्षण जसेच्या तसे ठेवून नव्या झाडांची वाट मोकळी करणे यातून साधेल.

दुसरे, लहान भूखंडांच्या नकाशालाही मंजुरी देताना एका झाडापुरती मोकळी माती राखण्याची अट घालावी आणि भोगवटा प्रमाणपत्र देताना ती तपासावी. तिसरे, प्रत्येक पालिकेने आपल्या रोपवाटिकेतील साठा प्रजातीनिहाय जाहीर करावा आणि देशी झाडांच्या बिया परिसरातील माहीत असलेल्या वृक्षांवरून गोळा कराव्यात. बंगळुरूमध्ये १९८०च्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांच्या पुढाकाराने सुमारे १५ लाख झाडे लावली गेली. त्यांतील अनेक रस्त्यांवरील झाडे आज त्या शहराचे वैभव मानली जातात. शासकीय यंत्रणेने आणि रहिवाशांनी मनावर घेतले तर एका पिढीत काय साधते, हे त्या शहराने दाखवले आहे. आणि चौथे, महानगरांच्या हिरवेपणाचा आकडा प्रसिद्ध करताना त्याच्याशेजारी देशी-परदेशी प्रजातींचे प्रमाण आणि तीन वर्षांनंतर जगलेल्या झाडांची टक्केवारी देण्याची प्रथा वन सर्वेक्षण संस्थेने पाडावी.

यावर एक आक्षेप संभवतो. देशापुढे जंगलतोड, खाणी आणि महामार्ग असे मोठे प्रश्न असताना अंगणातल्या एका झाडाची एवढी चर्चा कशाला? आक्षेप रास्त आहे आणि अंगणातला बहावा तुटलेल्या अरण्याची भरपाई करू शकत नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. दिल्लीत एका झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावण्याची अट घातली जाते, तेव्हा ती रोपे बहुधा दूरच्या एखाद्या पट्ट्यात जातात आणि तेथे त्यांच्याकडे पाहायला कोणी नसते. अंगणातल्या झाडाला रोज पाहणारा माणूस असतो. ज्याने बी रुजवून दहा वर्षे बहराची वाट पाहिली, त्याला शहराच्या हद्दीबाहेर लावलेल्या दहा रोपांचे मोल नेमके किती, हे कोणत्याही अहवालापेक्षा चांगले कळते. पालिकेच्या वृक्ष समितीसमोर हरकत नोंदवायला येणारे नागरिक अशाच घरांतून येतात.

विषूला लागणारी फुले आता केरळच्या शहरांत बाजारातून विकत आणली जातात, प्लास्टिकचे घोसही सर्रास मिळतात. मंजकोन्ना मात्र जंगलात फुकट फुलतो आहे. या दोहोंत आपल्याला कोणते झाड हवे, याचा निर्णय येत्या काही पावसाळ्यांत देशभरच्या रोपवाटिकांत आणि नगर नियोजन कार्यालयांत होणार आहे. जूनमध्ये रोपे वाटली जातील, तेव्हा आपल्या पालिकेने कोणत्या प्रजातीची किती रोपे वाटली आणि गेल्या तीन वर्षांतली किती जगली, एवढे दोन प्रश्न नागरिकांनी लेखी विचारले तरी सुरुवात होईल.